मशीनला ताप, डोक्याला ताप!

रात्रीचे पावणेतीन. बाहेर मे महिना, आत मी, टेबलाखाली माझा डेस्कटॉप आणि स्क्रीनवर एक निळी पट्टी. ८४ टक्के... ८५... ८६... आणि पट्टी थांबली. पंखे असे केकाटत होते, की लोहगावचं विमान आमच्याच टेबलाखालून सुटतंय! मग स्क्रीन काळी. मशीन आपणहून रीस्टार्ट.

त्या रात्रीतली ही तिसरी वेळ. २२ मिनिटांची डॉक्युमेंटरी, सकाळी अकराला क्लायंटला लिंक द्यायची. त्या लिंकवर अडकलेलं निम्मं पेमेंट आणि त्या पेमेंटवर अडकलेलं माझं घरभाडं. फ्रीलान्सिंगचं गणित हे असं साखळीचं असतं. एक कडी निसटली की सगळंच गळ्याशी.

त्यात हॉलमध्ये बाबा झोपलेले. म्हणजे झोपायचा प्रयत्न करत असलेले. डोळे तपासायला नाशिकहून चार दिवस आले होते. माझ्या वन बीएचकेमध्ये हॉल हेच ऑफिस आणि ऑफिस हेच गेस्टरूम. त्यामुळे त्यांची गादी थेट माझ्या मशीनच्या शेजारी.

"अगं, ही काय भट्टी लावलीयस इथं?" अंधारातून आवाज आला.

"रेंडर चाललंय बाबा. झोपा तुम्ही."

"मशीन तापलंय. जॉब जळतोय तुझा. फीड कमी कर."

सातपूरच्या एमआयडीसीत ३१ वर्षं आधी लेथ आणि मग सीएनसी चालवलेल्या माणसाचं हे निदान. मी मनातल्या मनात डोळे फिरवले. कम्प्युटर म्हणजे काय लेथ आहे का, फीड कमी करायला?

एक गोष्ट सांगायची राहिली. हे मशीन बाबांच्याच पीएफमधून आलंय. २०२३ मध्ये रिटायर झाल्यावर त्यांनी माझ्या खात्यात १ लाख ८० हजार टाकले. म्हणाले, "माझं मशीन कायम कंपनीचं होतं. तुझं तुझ्या मालकीचं असू दे." तेव्हापासून भेटले की एकच प्रश्न, "मशीन खर्च काढतंय ना?" मी दर वेळी हो म्हणते. त्या रात्री त्यांनी विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं कोण जाणे!

शेवटी मी मशीनचं बाजूचं झाकण काढलं, टेबलफॅन समोर लावला, फिल्मचे चार तुकडे करून ते वेगवेगळे एक्स्पोर्ट केले आणि नंतर जोडले. दहा वाजून पन्नास मिनिटांनी लिंक गेली. वाचले! पण दोस्तहो, दर डेडलाइनला टेबलफॅनची आरती करणं काही परवडणारं नाही.

हा लोचा होता तरी काय?

माझी पहिली रिअॅक्शन अगदी आपल्या पिढीला शोभेल अशी होती. खरेदी करू! पाण्यावर चालणारा ढासू कूलर, तीन पंखे, रंगीत दिवे. कार्टमध्ये टाकलाही होता, ईएमआयवर. मग आठवण झाली माझ्या एका मित्राची. तो एका अॅनिमेशन स्टुडिओतली मशीन्स सांभाळतो. म्हटलं, आधी त्याला विचारू.

त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "किती अंशाला चाललंय?"

आता मला काय माहीत? घरात कुणाला ताप आला की आपण आधी थर्मामीटर शोधतो, पण मशीनला ताप आला की डायरेक्ट मॉलमध्ये पळतो. त्यानं मला 'एचडब्ल्यू-इन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकायला लावलं आणि 'सिनेबेंच' हा टेस्ट प्रोग्रॅम दहा मिनिटं पळवायला सांगितलं. आकडे बघून मला घाम फुटला. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअस. म्हणजे चहाचं आधण! वीज खात होता २४० वॅटच्या वर. आणि 'थर्मल थ्रॉटलिंग' या ओळीपुढे ठसठशीत 'यस'.

थ्रॉटलिंगचा फंडा सोपा आहे. आजचे प्रोसेसर बरेच शहाणे असतात. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांना टेकले की स्वतःच वेग कमी करतात, म्हणजे जळत नाहीत. एएमडीची रायझन ७००० ही मालिका तर फुल लोडवर ९५ अंशांपर्यंत जाणारच, अशीच बनवलेली आहे. त्यामुळे नुसतं तापणं म्हणजे लगेच मरण नाही. मग माझं मशीन बंद का पडत होतं?

उत्तर बायोसमध्ये होतं. मशीन जोडून देणाऱ्या दुकानातल्या पोरानं, माझ्यावर उपकार म्हणून, मदरबोर्डचं ऑटो-ओव्हरक्लॉक चालू करून ठेवलं होतं. "मॅडम, फुल परफॉर्मन्स!" हे त्याचे शब्द मला आता आठवतात. ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळणारी चिप डिसेंबरमध्ये कशीबशी तग धरत होती. मे महिन्यात, तापलेल्या खोलीत तिचा तोल गेला.

शेवटचे पाच टक्के

इथं थोडं फिजिक्स. पळू नका, दोनच ओळी आहेत. चिप काम करताना जी वीज खाते ती तिच्या वेगाच्या प्रमाणात वाढते. पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे व्होल्टेज १० टक्के कमी केलं, की त्यामुळे खर्च होणारी वीज सुमारे १९ टक्क्यांनी उतरते. उलटंही तितकंच खरं. वेग शेवटचा थोडासा वाढवायचा तर व्होल्टेज बरंच वाढवावं लागतं. शेवटच्या पाच टक्के वेगासाठी आपण मणभर उष्णता विकत घेतो.

मग कंपन्या असं का करतात? कारण रिव्ह्यूच्या तक्त्यात पहिला नंबर पाहिजे. वरच्या दर्जाच्या इंटेल चिपची, उदाहरणार्थ कोअर आय-नाइन १३९००केची, टर्बोची अधिकृत मर्यादा २५३ वॅट. पण अनेक मदरबोर्ड ती मर्यादा जवळजवळ काढूनच टाकायचे. एएमडीच्या रायझन नाइन ७९५०एक्सवर टीडीपी लिहिलेला १७० वॅट, प्रत्यक्षात तिला २३० वॅटपर्यंत मुभा. म्हणजे डबा उघडल्यापासूनच गाडी रेड लाइनला!

या हव्यासाचं बिल कधीतरी येतंच. २००४ मध्ये इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द केला. उष्णता आवरेना. त्या ऑक्टोबरमध्ये कंपनीचे तेव्हाचे सीईओ क्रेग बॅरेट अमेरिकेतल्या एका परिषदेत स्टेजवर गमतीनं चक्क गुडघ्यांवर बसले आणि माफी मागितली. त्यानंतर सगळी इंडस्ट्री एकाच कोअरला पळवायचं सोडून जास्त कोअर्सकडे वळली. आणि २०२४ मध्ये? इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप चिप्स क्रॅश व्हायला लागल्या. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यानं चिपचं नुकसान होत होतं, हे कंपनीनं मान्य केलं, ऑगस्टपासून दुरुस्तीचे मायक्रोकोड दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जी चिप आधीच बिघडली, ती अपडेटनं बरी होत नाही. तुमच्याकडे यातली चिप असेल आणि बायोस त्यानंतर कधीच अपडेट केला नसेल, तर हा लेख इथंच ठेवा आणि आधी ते काम करा. मी थांबते.

कपाटातली भट्टी

मित्र म्हणाला, "बायोसला नंतर हात लाव. आधी हवा बघ." मग कळलं, की निम्मा गुन्हा माझाच होता.

मी मशीन कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कपाटात, दार लावून ठेवलं होतं. का? तर हॉल छान दिसावा म्हणून! मशीननं टाकलेली गरम हवा कपाटातच फिरून परत मशीनच्याच नाकात. दुसरं, समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट वर्षभर चाललंय. पुढची जाळी काढली, तर तिच्यावर सिमेंटच्या धुळीचं अक्षरशः ब्लँकेट!

कूलर कितीही भारी घ्या, हवेचा असो की पाण्याचा, तो चिपला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. तो फक्त चिपची उष्णता खोलीत नेऊन टाकतो. खोली १० अंशांनी तापली, की चिपही साधारण तेवढीच वर चढते. म्हणून परदेशातल्या व्हिडिओत २१ अंशांच्या खोलीत बसून कुणी '७५ अंश, सुपर कूल!' म्हणत असेल, तर त्यात तुमच्या ३६ अंशांच्या हॉलचे १५ अंश मिळवा. झाले ना ९०? नागपूर-अकोल्याच्या मंडळींनी आणखी मिळवा आणि देवाचं नाव घ्या.

आणि हो, पाण्यावरचा कूलर म्हणजे फ्रिज नव्हे. पाणी उष्णता फक्त वाहून नेतं, शेवटी ती पंख्यांनीच हवेत टाकायची असते. पंपही कधीतरी दमतो. दिवसभर सलग रेंडर करणाऱ्याला त्याचा फायदा आहे, पण दोन पंख्यांचा दणकट एअर कूलर बहुतेकांना पुरतो.

मी मशीन कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. मागे एक वीत जागा सोडली. जाळी धुतली. ब्लोअरनं धूळ उडवली. पंखा बोटानं धरून बरं का, नाहीतर तो हवेनं गरगर फिरून बेअरिंगची वाट लागते. कूलर काढून जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसली आणि तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा आणि वरचा बाहेर टाकणारे, हे तपासलं. वरचा उलटा बसवलेला निघाला. धन्य!

एवढ्यानंच ७-८ अंश उतरले. खर्च? पेस्टचे काहीशे रुपये आणि तापकीर गल्लीतून आणलेलं खोलीचं तापमान दाखवणारं एक छोटं डिजिटल थर्मामीटर.

फीड कमी केली

मग बायोस. आधी अपडेट. मग ते ऑटो-ओव्हरक्लॉक बंद. आणि नंतर खरी गंमत. प्रोसेसर किती वॅट खाऊ शकतो याची मर्यादा मी स्वतः घातली, १५० वॅट. इंटेलच्या बोर्डावर ही मर्यादा पीएल-वन आणि पीएल-टू या नावांनी सापडते. एएमडीवर 'इको मोड' असतो. ७९५०एक्सला तो १०५ किंवा ६५ वॅटच्या वर्गात आणून बसवतो. एक क्लिक, विषय संपला.

याच्या पुढची पायरी म्हणजे अंडरव्होल्टिंग. त्याच वेगाला थोडं कमी व्होल्टेज. एएमडीवर त्यासाठी 'कर्व्ह ऑप्टिमायझर' असतं. इंटेलवर बोर्ड परवानगी देत असेल, तरच ते जमतं. इथं मात्र घाई करायची नाही. प्रत्येक चिपचा स्वभाव वेगळा, मित्राचे आकडे तुमच्या मशीनला चालतीलच असं नाही. थोडं उतरवा, एक दिवस काम करा, मग आणखी थोडं. मी हावरटपणा केला आणि तिसऱ्या दिवशी एक्स्पोर्ट मध्येच मेला. गुपचूप एक पायरी मागे आले.

आता निकाल. तीच २२ मिनिटांची फिल्म, तोच प्रोजेक्ट. हिवाळ्यात, 'फुल परफॉर्मन्स'वर असताना एक्स्पोर्टला ४१ मिनिटं लागली होती. आता मे महिन्यात, फीड कमी करून, ४३. दोन मिनिटं जास्त! आणि तापमान १०० वरून ७६ वर. पंख्यांचा आवाज इतका कमी, की व्हॉइसओव्हर त्याच खोलीत रेकॉर्ड करता येतो. १०० वॅट वाचले म्हणजे आठ तासांच्या रेंडरला पाऊण युनिटहून जास्त वीज वाचली. तेवढी उष्णता माझ्या हॉलमध्ये आलीच नाही, हा बोनस वेगळा.

त्यात पंख्यांनाही थोडं शिकवावं लागलं. मूळ सेटिंगमध्ये प्रोसेसर क्षणभर तापला तरी ते लगेच बोंबलत. फोटोशॉपमध्ये एक फिल्टर लावला की घुर्रर्र, संपला की शांत. फॅन कर्व्हमध्ये काही सेकंदांचा उशीर टाकला आणि ७० अंशांपर्यंत चढ हळू ठेवला. मॅटर खल्लास.

कुठलं सॉफ्टवेअर, कुठला घाम?

हे सगळं करताना एक ज्ञान मिळालं, की प्रत्येक सॉफ्टवेअरची भूक वेगळी असते. फोटोशॉप बहुतेक कामं एक-दोन कोअर्सवर करतं. तिथं वॅटची मर्यादा घातली, तरी फरक जाणवतच नाही, कारण ते तेवढे वॅट खातच नाही. आफ्टर इफेक्ट्सनं ऑक्टोबर २०२१ पासून मल्टी-फ्रेम रेंडरिंग आणलं. आता ते अनेक कोअर्स वापरतं, पण रॅम कमी असेल तर कोअर्स बसून माश्या मारतात. ब्लेंडरचं सायकल्स सीपीयूवर लावलं, तर सगळे कोअर्स पिळून काढतं; तिथं मर्यादेमुळे वेळ खरोखरच वाढतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काम त्याच्याकडे सोपवा. दा विंची रिझॉल्व्हचा तर मुख्य जोरच ग्राफिक्स कार्डावर.

आणि प्रीमिअर? टाइमलाइन अडखळते म्हणून प्रोसेसरला शिव्या देण्याआधी तुमचं फुटेज बघा. मोबाइल आणि मिररलेस कॅमेऱ्याच्या घट्ट दाबलेल्या फाइल्स उलगडायला वेगळं सर्किट लागतं. इंटेलच्या बऱ्याच चिप्समध्ये ते आतल्या ग्राफिक्ससोबत येतं, 'क्विक सिंक' नावानं. नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या स्वस्त चिपमध्ये ते नसतं. हजार-दोन हजार वाचवायला घेतलेला 'एफ' एडिटिंग करणाऱ्याला नंतर रोज आठवतो. आणि सगळ्यात बेस्ट उपाय फुकटातला आहे, प्रॉक्सी बनवा. रात्री लावून झोपा, सकाळी टाइमलाइन लोण्यासारखी. जगातलं कुठलंही ओव्हरक्लॉकिंग एवढा फरक पाडत नाही.

फ्रिजवर चिकटवा

• आधी मोजा, मग बदला, मग खरेदीचा विचार करा. मोजताना खोलीचं तापमानही लिहून ठेवा.

• एका वेळी एकच बदल. चार केले आणि मशीन लटकलं, तर दोष कुणाचा हे कळणार नाही.

• टेस्ट नुसत्या बेंचमार्कवर नको. तुमचा सगळ्यात जड प्रोजेक्ट रात्रभर लावा. तो पास, तर मशीन पास.

• मशीन रीस्टार्ट होतंय म्हणजे गरमीच असं नाही. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइलही एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच आहे. ते बंद करून बघा. पॉवर सप्लायवरही संशय घ्या.

• डेडलाइनच्या आदल्या रात्री बायोसला हात लावायचा नाही. म्हणजे नाहीच!

• नवा कूलर बसवताना खालचं पारदर्शक प्लास्टिक काढा. हसू नका. माझ्या मित्राकडे अशी मशीन्स येतात.

आणि बाबा?

तो ईएमआयवाला कूलर मी कार्टमधून काढला. बाबा नाशिकला जायच्या आदल्या रात्री मी मुद्दाम एक मोठा रेंडर लावला. पंखा नुसता गुणगुणत होता. बाबांनी उठून मशीनच्या मागे हाताचा तळवा धरला, जसा ते लेथच्या हेडस्टॉकवर धरत असावेत. बराच वेळ धरला.

"कमी केलीस वाटतं फीड," म्हणाले.

"हो. दोन मिनिटं जास्त लागतात."

"लागू देत. आमच्याकडे नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी मशीन फुल स्पीडला टाकायचं. टूल जाळायचं, जॉब स्क्रॅप करायचं. जुना माणूस थोडा सावकाश चालवायचा, पण शिफ्ट संपली की त्याचे नग मोजून जास्त भरायचे."

मग ते गादीवर आडवे झाले. मला वाटलं, झोपले. तेवढ्यात अंधारातून तो नेहमीचा प्रश्न आला.

"खर्च काढतंय ना मशीन?"

त्या फिल्मचं पेमेंट तीन दिवसांपूर्वी जमा झालं होतं. भाडं गेलं होतं. वर थोडे उरलेही होते.

"काढतंय बाबा," मी म्हटलं. दहा मिनिटांत हॉलमध्ये दोन आवाज होते. मशीनचा बारीक आणि बाबांच्या घोरण्याचा मोठा. त्याला मर्यादा घालायचं बटण मात्र अजून कुठल्याच बायोसमध्ये सापडलेलं नाही!